जुन्या चाकांवरची चक्कर

टेम्पो दारात येऊन थांबला तेव्हा आबा क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी वाटीतल्या पाण्यात भिजत घालून बसले होते. प्रमोदनं केबिनमधून उडी मारली, हसत हसत आत आला, आबांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "मामा, तुमची गाडी आणलीय."

"माझी?" आबा गडबडले.

"तुम्हीच दिलेली. मग तुमचीच की."

मी मागून उतरत होते. आमच्या लग्नाला वर्षही व्हायचं होतं. लग्नात आबांनी जावयाला मोटरसायकल दिली होती, काळी, पेट्रोलच्या टाकीवर लाल पट्टा असलेली, मॅगव्हीलची, म्हणजे ओतीव चाकांची. प्रमोदनं तशीच मागितली होती. तारांच्या चाकांची म्हाताऱ्यांना, असं तो तेव्हाही हसतच म्हणाला होता. ती गाडी आता ड्रायव्हर आणि प्रमोद फळी लावून खाली उतरवत होते. पुढच्या चाकाच्या कडेचा तुकडा उडाला होता, भाकरीचा घास मोडून घ्यावा तसा. मागच्या चाकाला आरपार तडा गेला होता.

आबा गाडीभोवती फिरले. विट्यात त्यांना सगळे गुलाब मास्तर म्हणत. बँडमध्ये पुढं उभे राहून क्लॅरिनेट वाजवायचे, लाल कोट घातला की वरातीतली माणसं नवरदेव सोडून त्यांच्याकडं बघायची. पण जावयासमोर त्यांचा आवाज लहान व्हायचा.

"कशानं झालं हे?"

"खड्डा," प्रमोद म्हणाला. "विचारा तुमच्या लेकीला. मागंच बसली होती ती."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या डाव्या कोपरावर पट्टी होती. मी पदर त्यावर ओढून घेतला.

"खड्डा होता आबा," मी म्हणाले.

आईनं चहा केला. प्रमोद बशीत ओतून, फुंकर घालून, तारीफ करत तो प्यायला. शेजारचा राऊ ढोलवाला डोकावला तर त्यालाही आत बोलावून अर्धा कप दिला. आमच्या आळीत सगळ्यांना प्रमोद आवडायचा. कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला, तरी कुणाच्याही ओट्यावर बसायचा, म्हाताऱ्यांची चेष्टा करायचा, पोरांना गाडीवरून चक्कर मारून आणायचा. आई म्हणायची, जावई म्हणजे देवमाणूस.

"मामा, चाकं तेवढी घालून द्या. कंपनीची हं. घाई काही नाही. झालं की फोन करा, मी येऊन दोघींना घेऊन जातो."

"दोघींना?"

"गाडीला आणि हिला."

तो हसला. जावयानं चेष्टा केली म्हणून आईही हसली. तेवढ्यात ड्रायव्हरनं ताडपत्रीखालून माझी बॅग काढून ओट्यावर ठेवली. ती मी भरली नव्हती. सकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या, प्रमोदबरोबर माहेरी जाऊन ये, तेवढीच आईची भेट होईल. मी नेसत्या साडीनिशी बसले होते. बॅगेत माझे सगळे कपडे होते, वाळत घातलेले ओले परकरसुद्धा.

आबा दुसऱ्या दिवशी शोरूमला जाऊन आले. आल्यावर तांब्याभर पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून बसले. आषाढ होता, लग्नं बंद, बँडची वाद्यं खोळी घालून ठेवलेली. गाडी घेतानाच घरात होतं नव्हतं ते गेलं होतं.

"कंपनीची आपल्याच्यानं होत न्हाईत," ते शेवटी म्हणाले. "फिटर म्हणतोय, कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा बाजार हाय. तिथं चांगली मिळत्यात. रंग मारला की कोण वळखतंय?"

"त्यांनी कंपनीची सांगितलीत," मी म्हणाले.

"चाक ते चाक. फिरल्याशी मतलब." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. तुला गाडी ठावकी हाय."

कोल्हापुरातल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्यांचे सांगाडे टांगले होते. एका दुकानात हँडलच हँडल, एकात फक्त सायलेन्सर. आबा घाबरत घाबरत विचारत चालले होते. शेवटी एका दुकानात बाकड्यावर बसलेल्या बाईनं स्वतःच हाक मारली.

"काय पायजे ओ मामा? कवाधरनं वर-खाली करताय."

तिचं नाव हमीदा. नवऱ्याच्या मागं दुकान तीच बघत होती. आबांनी गाडीचं नाव सांगितलं, मॉडेल सांगितलं. तिनं मागच्या खोलीतून दोन चाकं गडगडत आणली. रुपेरी रंगाची होती, काही ठिकाणी खरचटलेली.

"ही घ्या. एका गाडीची जोडी हाय. गाडी पाठीमागनं ठोकलेली न्हाई, पुढनं न्हाई, नुसती आडवी पडलेली. चाकांना काय सुदिक झालं न्हाई."

आबांनी एक्सल घातला, दोन्ही हातांत धरला, चाक उचललं आणि मला म्हणाले, "फिरव." मी फिरवलं. चाक सरळ, न डगमगता फिरत राहिलं. आबांनी एक डोळा मिटून कडेकडं पाहिलं, मग कान जवळ नेऊन बेअरिंगचा आवाज ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी बरं वाटल्यासारखं काही आलं.

"सुरात हाय," ते म्हणाले.

"गाडी तुमची हाय व्हय?" हमीदानं विचारलं.

"जावयाची."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग कोपरावरच्या पट्टीकडं. "आन् जावयाला जुनं चालतंय?"

"काळा रंग देणार हाय," आबा म्हणाले.

तिनं भाव आबांनी मागितला त्यापेक्षा खाली आणला, आणि चाकं सुतळीनं बांधून दिली.

येताना एस.टी.त कंडक्टर वाद घालत होता. शेवटी एक चाक आबांनी पायांत घेतलं आणि एक मी मांडीवर. सांगली येईपर्यंत माझ्या साडीवर काळं गोल उमटलं होतं. आबा खिडकीतून बाहेर बघत पुटपुटत होते. नीट ऐकलं तर वरातीतली धून होती.

दोन दिवस त्यांनी चाकं घासली. आधी रॉकेलनं, मग पॉलिशपेपरनं. राऊ ढोलवाला मदतीला यायचा. ओट्यावर गोणपाट पसरून, पंपानं काळा रंग मारला, वाळू दिला, पुन्हा मारला. फिटरनं जुने टायर चढवले, ब्रेक जुळवले, साखळी ताणली. गाडी उभी राहिली तेव्हा आबा लांब जाऊन बघून आले, जवळ येऊन बघून गेले.

"सांग, कोण म्हणंल जुनी?"

"कुणी नाही आबा."

मी खोटं बोलले नव्हते. चाकं खरोखर नव्यासारखी दिसत होती. मला भीती चाकांची नव्हती. पण भीती कशाची आहे, हे सांगायला मला शब्द नव्हते. प्रमोदनं मला कधी मारलं नव्हतं. शिवी दिली नव्हती. दारू पीत नव्हता. मी आईला काय सांगणार होते?

रविवारी तो आला. मित्राच्या गाडीवरून, मित्राचं नाव संग्राम. आईनं मटण केलं होतं. आबांनी पांढरा सदरा आणि इस्त्रीचा पांढरा पायजमा घातला होता. जेवणं झाली, पान झालं, मग प्रमोद ओट्यावर आला आणि गाडीभोवती फिरला. आळीतली माणसंही जमली. त्यानं चाकाला बोटांनी टिचकी मारली. मग खिशातून किल्ली काढली आणि पुढच्या चाकाच्या एका दांडीवर, सावकाश, पाटीवर पेन्सिल ओढावी तशी ओढली. काळ्याखालून रुपेरी रेघ निघाली.

"मामा, कंपनीनं आता आतून चांदी भरायला सुरू केली काय?"

संग्राम खो खो हसला. आळीतलेही दोघं-तिघं हसले. आबा पुढं झाले.

"पाव्हणं, जुनी हायत, खरं हाय. पर चाकं एक नंबर हायत. मी सवता बघून आणल्यात. तडा न्हाई, आऊट न्हाई. झेपलं ते केलं, पोटात घ्या."

मी वाट बघत होते तो चिडेल याची. तो चिडला नाही. त्यानं आबांच्या खांद्यावर हात टाकला.

"अहो मामा, रागावलो का मी? तुम्ही म्हणताय ना एक नंबर, मग एक नंबर. चला, चक्कर मारून येऊ. चाकं कळतात ती रस्त्यावर."

"मी कशाला? फिटरला बसवा की."

"चाकं तुम्ही पारखली. बसायचं पण तुम्हीच."

"आबा, नको," मी म्हणाले.

प्रमोदनं माझ्याकडं बघितलं, गोड हसला आणि म्हणाला, "का गं? मामांना हवा नको खायला?"

लोक हसले. राऊ म्हणाला, "बसा की मास्तर, जावई हौसेनं म्हणतोय." आबांनाही बहुतेक वाटलं की निभावलं. ते मागं बसले, पायजमा सावरला, टोपी काढून आईच्या हातात दिली. गाडी आळीतून सावकाश गेली. पोरं पाठोपाठ पळाली. नाक्यावर वळल्यावर तिचा आवाज एकदम वाढला.

आमच्या गावाबाहेर रस्ता माळावरून खाली उतरतो. एकामागून एक वळणं आहेत, शेवटी ओढ्यावर अरुंद पूल. मी ओट्याच्या कडेला उभी होते आणि आवाज ऐकत होते. बाकीचे बोलत होते, संग्राम तंबाखू मळत होता. मला एकटीला कळत होतं की तिथं काय चाललंय. आता त्यानं उतारावर गियर टाकला असेल. आता वळणावर समोरून ट्रक येतोय हे बघून त्यानं गाडी मधोमध घेतली असेल, आणि अगदी शेवटच्या क्षणाला आत. आता हँडलवरचा एक हात सोडून मागं बघितलं असेल, हसत. मागच्या माणसाचा चेहरा बघायला त्याला फार आवडायचं.

माझ्याबरोबर तो हे सगळं करायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सुरू झालं. घरात मी काही मागितलं, कशाला नाही म्हटलं, माहेरचं नाव काढलं, की तो हसून म्हणायचा, चल, चक्कर मारून येऊ. मी जितक्यांदा थांबा म्हणेन तितका वेग वाढायचा. गप्प बसले तरी वाढायचा. चाकं फुटली त्या दिवशी मी म्हणाले होते की आईला बरं नाही, आठ दिवस जाऊन येते. चक्कर मारून परत येताना त्यानं गाडी मुद्दाम त्यांच्या गावच्या पुलाच्या कठड्याच्या दगडांवर नेली. त्याला नुसतं घासून न्यायचं होतं. अंदाज चुकला. मी रस्त्यावर पडले तेव्हाही तो आधी हसला, मग चाकं बघून गप्प झाला. सासूबाईंना म्हणाला, खड्डा. मीही म्हणाले, खड्डा.

गाडी परत आली. आळीच्या तोंडाशी वेग कमी झाला, आणि ती अगदी शहाण्या माणसाची गाडी असावी तशी दारात येऊन थांबली.

"चाकं झकास आहेत मामा!" प्रमोद ओरडला. "मानलं तुम्हाला. जराशी थरथर नाही."

आबा उतरेनात. त्यांनी दोन्ही हातांनी सीटमागची दांडी धरली होती आणि बोटं सुटत नव्हती. राऊनं पुढं होऊन एक एक बोट सोडवलं. ते खाली उतरले तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. पांढरा पायजमा मांड्यांपासून गुडघ्यांपर्यंत ओला होता.

मग संग्रामनं तोंडावर हात घेतला आणि त्याच्या बोटांतून हसू फुटलं. मग पोरं हसली. मग, थोडीशी, मोठी माणसं. राऊनं मान खाली घातली, पण त्याचेही खांदे हलत होते.

"अरे हसता काय?" प्रमोद म्हणाला. "वय झालंय माणसाचं. मामा, चाकं पक्की पण तुम्ही कच्चे निघालात हो."

आबाही हसले. ते मी कधी विसरणार नाही. ओला पायजमा घेऊन, आपल्या आळीच्या मधोमध उभे राहून ते जावयाच्या विनोदावर हसले, आणि हात जोडून म्हणाले, "मग पसंत हायत न्हवं, पाव्हणं?"

"पसंत. कंपनीची राहिली ती माझ्याकडून माफ. काय गं, आण बॅग. संग्राम घेईल त्याच्या गाडीवर."

आईनं बॅग आणली. भरूनच ठेवली होती तिनं. प्रमोदनं गाडी सुरू केली, वळून सीटचा मागचा भाग बघितला आणि बोटानं दाखवला. रेक्झिनवर ओल चमकत होती.

"पदरानं पूस आणि बस. तुझ्याच बापाचं आहे."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी पदर हातात घेतलासुद्धा. मी पुसणार होते. खरं सांगते, मी वाकले होते. मग मला आबांचे पाय दिसले. चप्पल कुठंतरी रस्त्यात पडली होती, एका अंगठ्यातून रक्त येत होतं.

"मी येत नाही," मी म्हणाले.

"काय?"

"मी येत नाही. गाडी घेऊन जा."

पहिल्यांदा प्रमोदचं हसू थोडं उतरलं. पण तो काही बोलायच्या आधी आबा बोलले.

"उजा, बस."

"आबा, तुम्ही घरात चला. पायजमा बदला."

हे मी मोठ्यांदा बोलले. इतका वेळ सगळ्यांनी बघितलं होतं, पण पायजम्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. आबा माझ्यासमोर आले आणि त्यांनी माझ्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तेच हात जोडून माझ्यासमोर उभे राहिले.

"बस गं पोरी. एवढं समदं झालं ते कशापायी झालं? ते वाया घालवू नगंस. बस."

"मामा, हात नका लावू तिला," प्रमोद गाडीवरून म्हणाला. हसू परत आलं होतं. "मी माझ्या बायकोला कधी बोटसुद्धा लावलं नाही. विचारा तिला."

"उजा, तुझ्या पाया पडतो."

ते खरंच वाकले. मी मागं सरकले. आई रडत होती आणि मला ढकलत होती, दोन्ही एकदम. मी ओट्याचा खांब धरला. प्रमोदनं खांदे उडवले. संग्रामनं बॅग रस्त्यावर ठेवली. दोन्ही गाड्या गेल्या. आबांनी घासून, रंगवून, सुरात लावलेली चाकं अजिबात आवाज न करता नाक्यापर्यंत गेली आणि वळली.

त्यानंतर आबा दोनदा प्रमोदच्या गावी जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांना अंगणातच बसवून पाणी देऊन परत पाठवलं. मग फारकत झाली. प्रमोदनं दुसरं लग्न केलं, ती मुलगी कुठली, तिचं पुढं काय झालं, मी कधी चौकशी केली नाही. मी सूतगिरणीत लागले. आबा बँडमध्ये वाजवत राहिले, पण आळीतल्या वरातीत पुढं उभे राहायचे नाहीत, कारण कुणी ना कुणी मागून मोटरसायकलचा आवाज काढायचं. पोरांचा तो खेळच झाला होता. राऊची पोरंही काढायची.

माझ्याशी ते बोलत नव्हते. आईला म्हणायचे, "तिला सांग, डबा इसरली." मी तिथंच असायचे. असं एका घरात कितीतरी वर्षं चाललं. आई गेली तेव्हा सांगायला माणूस उरलं नाही, मग हळूहळू मोजके शब्द थेट यायला लागले.

गेल्या साली त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, ओठ एकीकडं ओढला गेला. क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लागणार नाही हे डॉक्टरांनी सांगण्याची गरजही नव्हती. आता गिरणीतून आले की मी त्यांना भरवते. एका दुपारी पेज भरवत होते. त्यांनी चमचा तोंडात घेतला, गिळला, आणि भिंतीकडं बघत, शब्द जुळवत जुळवत बोलायला लागले.

"त्या दिशी... उतारावर. मी त्याला म्हणलं, थांब."

मी चमचा हातात धरून बसले.

"हात जोडता येईना, दांडी धरलेली. नुसतं थांब थांब म्हणलं. तर मागं वळून हसला. म्हणला, मामा, तुमची पोरगीबी असंच म्हणती."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली.

"म्हणला, तिच्यासाठी थांबत न्हाई, तर तुमच्यासाठी कसा थांबू."

ओठाच्या ओढलेल्या बाजूनं पेज गळत होती. मी पुसली नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "गाडीवरून उतरलात तेव्हाच माहीत होतं."

त्यांनी मान हलवली.

"मग मला बस का म्हणालात?"

मला वाटलं, आता रडतील, किंवा माफी मागतील, किंवा झोप आल्याचं सोंग घेतील. त्यांनी तसं काही केलं नाही. हिशेब सांगावा तसं साधं सांगितलं.

"मी उतरलोच की जित्ता. वाटलं, तूबी उतरशील."

आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

पेज निवली होती, वर साय धरली होती. मी उठून गरम केली नाही. तशीच भरवली, वाटी रिकामी होईपर्यंत.